किती एक्स?

आमच्या बेळगावात शिवजयंतीची मिरवणूक वैशाखात निघते आणि चित्ररथ बघायला अख्खं गाव रात्रभर रस्त्यावर असतं. यंदा आमच्या गल्लीच्या चित्ररथावर पुतण्या तानाजी झाला होता. मी ओळखीच्या एकांच्या माडीवर संध्याकाळपासून जागा धरून बसलो होतो. रथ लांब होता, म्हणून मोबाईलवर दोन बोटं फाकवून त्याला जवळ ओढला आणि टिपला. सकाळी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. तानाजी कोण आणि उदयभान कोण हे राहिलंच बाजूला, वहिनींनी विचारलं, “भावजी, हे धुण्याचे पिळे कशाला टाकलासा?”

त्या दिवशी ठरवलं, लांबचं जवळ आणणारा खरा कॅमेरा घ्यायचा. लेन्सा बदलत बसायची भानगड नको. एकाच लेन्समध्ये घरातलं बारसंही मावलं पाहिजे आणि सासुरवाडीला, जांबोटीकडच्या रानात, उंबरावर बसणारा धनेशही सापडला पाहिजे. मागणं एवढंच. चूक झाली ती हे मागणं जेवताना मोठ्यानं बोललो ही.

आमचे थोरले काका मोजणी खात्यातनं निवृत्त. शेजारच्याच घरात राहतात, पण जेवणाच्या वेळी कुठला विषय निघतोय याचा वास त्यांना भिंतीपलीकडनं येतो. त्यांनी येऊन पहिला प्रश्न टाकला, “किती एक्स?” म्हणजे कॅमेऱ्याचा झूम केवढा.

“अजून ठरलं नाही, काका. चाळीस-पन्नास...”

“घेतल्यावर मोठंच घे की! निकॉनचा पी-1000 हाय बघ. एकशेपंचवीस एक्स. 2018 लाच आलाय. तू पन्नासावर काय बसूलालास?”

हे ज्ञान त्यांना कुठून झालं माहीत नाही. पण त्या दिवसापासून काका भेटले की ‘काय, बरं आहे का’ ऐवजी ‘किती एक्स?’ विचारू लागले. हिनं मात्र एक्स वगैरे काही विचारलं नाही. वजन विचारलं. मी सांगितलं, चौदाशे पंधरा ग्रॅम. “म्हणजे दीड किलोच की,” ही म्हणाली. “दीड किलो कुंदा आणला तर चार घरी वाटून होतो. हे तुम्ही गळ्यात घालून हिंडणार? मागच्या महिन्यात मानेला पट्टा कुणाला लागला होता?” मग मी हळूच पी-900 पुढं केला. 2015 चा, त्र्याऐंशी एक्स, वजन नऊशे ग्रॅमच्या आत. हिनं ते पोळ्या लाटता लाटता ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे एक किलो कुंदा.”

मुलगी पुण्याला नोकरीला. तिला फोन लावला, तर तिनं तिसरीच फांदी काढली. “बाबा, झूम सोडा, सेन्सर बघा, चित्र ज्याच्यावर उमटतं तो तुकडा.” तिचं म्हणणं असं, की या लांब झूमवाल्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या पोटात सेन्सर असतो तो जेमतेम सहा मिलिमीटर रुंद, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढा. दिवसा ठीक, पण रात्रीच्या चित्ररथाला त्याच्यात उजेडच पुरेसा गोळा होत नाही. त्यापेक्षा एक इंचाचा सेन्सर घ्या, क्षेत्रफळ चौपट. उदाहरणार्थ सोनीचा आरएक्स-10 मार्क चार. किंमत ऐकून ही देवघरात गेली. काकांना किमतीचं काही नव्हतं, त्यांना इंच खटकला.

“एक इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर,” ते म्हणाले. “ह्याची रुंदी किती?”

“तेरा पूर्णांक दोन,” फोनमधनं मुलगी.

“आणि उरलेला अर्धा इंच कुणी खाल्ला?”

तिनं समजावून सांगितलं, की पूर्वी व्हिडिओ कॅमेऱ्यात काचेच्या नळ्या असायच्या. नळीची बाहेरची जाडी एक इंच, आणि आत चित्र उमटायची जागा त्याहून कितीतरी लहान. नळ्या गेल्या, नाव राहिलं. पस्तीस वर्षं साखळी ओढलेल्या माणसाला हे कसं पटावं? “आमच्या खात्यात असली मोजणी केली असती तर निलंबन होतं,” एवढंच बोलून ते उठले. दारापर्यंत गेले, परत आले. “आणि ते एक्स म्हणजे तरी नक्की काय गं?”

हे मीच सांगितलं. एक्स म्हणजे भागाकार, काका. लेन्सचं लांबचं टोक भागिले जवळचं टोक. 1200 मिलिमीटर भागिले 24 मिलिमीटर, आले पन्नास. वस्तू डोळ्यापेक्षा पन्नास पट मोठी दिसते असं नव्हे. उघड्या डोळ्याला दिसतं ते साधारण पन्नास मिलिमीटरचं धरलं, तर ती चोवीस पटच होते. काकांनी हाताच्या तळव्यावर बोटानं आकडे मांडले. “मग वीस ते हजार, ते पण पन्नासच की!”

“पन्नासच. पण ते लांब कमी जातं.”

“म्हणजे एकाच उताऱ्यावर दोन जमिनी,” काका म्हणाले आणि या वेळी खरोखरच घरी गेले. दुसऱ्या दिवशी फाटकातच भेटले. “किती एक्स?”

शेवटी कोल्हापूरचा मेव्हणा सुट्टीला आला, त्याच्यावर निवाडा सोपवला. लग्नांचे फोटो काढायचा त्याला अनुभव आहे. आता आमच्या भागात एकसदस्यीय आयोग नेमायचा म्हटला की शहाणा माणूस आधी हात जोडतो. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला. एका बाजूनं डोक्यावर घेतला, दुसरीनं फेटाळला, आणि 2004 पासून प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. मेव्हण्यानं दोन कप चहा आणि एक प्लेट मिरची भजी संपवून अहवाल दिला: काकांसाठी साठाच्या वर एक्स, ताईसाठी सहाशे ग्रॅमच्या आसपास वजन, कॅननचा एसएक्स-70 बघा. सेन्सर मात्र डाळीएवढाच. मुलीनं अहवाल फोनवरच फेटाळला. काका म्हणाले, पासष्टच? ही म्हणाली, सहाशे ग्रॅम कुंदा.

तरी मी खडेबाजारात गेलो. दुकानात कॅमेऱ्याचं कपाट होतं, पण त्यात आता मोबाईलची कव्हरं लटकत होती. पोरगा हुशार. “नोड्री सर,” म्हणत त्यानं एक मोबाईल माझ्या हातात ठेवला. “शंभर एक्स. तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा डबल.” मी मोबाईल रस्त्याकडं धरून शंभरपर्यंत नेला. समोरच्या साडीच्या दुकानाची पाटी दिसली, पण मराठी की कन्नड ते कळेना. आमच्या गावात पाटी कुठल्या भाषेत आहे ते न कळणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून समजायचं नाही. खरं तर भिंगानं जेवढं जवळ आणलं तेवढंच खरं. पुढचं सगळं चपाती लाटून मोठी केल्यासारखं, कणीक तेवढीच. पोराला हे सांगितलं. तो म्हणाला, “होय की सर, पण इएमआय आहे.”

कॅमेरा मिळाला तो कॅम्पात. एका साहेबांची बदली निघाली होती आणि ते सोफा, कूलर आणि कॅमेरा विकत होते. पन्नास एक्स, 24 ते 1200. बॅटरीचं झाकण तेवढं रबरबँडनं धरलेलं. हिनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन केलं आणि काही बोलली नाही, यातच मंजुरी आली. तो कूलर आम्ही का घेतला, हा वेगळा लेख आहे.

पहिला प्रयोग गच्चीवरनं. आम्ही वडगावला राहतो. दक्षिणेला येळ्ळूरचा राजहंसगड दिसतो, करंगळीच्या नखाएवढा. लेन्स भुर्रर्र करत पुढं आली, गड धावत डोळ्यापाशी आला आणि हलायलाच लागला. दुपारी एकची वेळ, मे महिना. तापल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि पन्नास एक्स गडाबरोबर ती थरथरही जवळ आणतो. तट, बुरूज, सगळं उकळत्या आमटीत टाकल्यासारखं. काका मागं उभेच होते. “एकशेपंचवीस घेतला असतास तर?” आमटी जास्त उकळली असती, काका.

रात्री चंद्र बघितला. चंद्र खरोखर सुंदर आला, विवरांसकट. पण धड चौकटीत घेऊन श्वास रोखतोय तोवर हळूहळू बाहेर सरकायचा. पृथ्वी फिरते हे शाळेत मी मार्कांपुरतं मान्य केलं होतं, त्या रात्री मान अवघडून मान्य केलं.

मग जांबोटी. धनेश उंबरावर बसलेला मी स्वतः पाहिला. पिवळी चोच, वर ते टोपडं. कॅमेरा डोळ्याला लावला, थेट बाराशेवर नेला, आणि पानं. नुसती पानं. डावीकडं सरकवला, फांदी. वर नेला, आभाळ. आधी रुंद चौकटीत पक्षी मधोमध घ्यायचा आणि मग हळूहळू पुढं जायचं, ही रीत मला ठाऊक होती. पण धनेश दिसल्यावर रीत कुणाला आठवते? तेवढ्यात आगगाडी सुटल्यासारखा पंखांचा आवाज आला आणि मेव्हण्याचा धाकटा म्हणाला, “मामा, उडाला.” फोटो आला तो उंबराच्या फांदीचा. फार स्पष्ट आला. मुंग्या मोजता येतात.

जूनच्या मध्याला दोन दिवस पाऊस झोडपून गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप पडली. हवा धुऊन वाळत घातल्यासारखी. असा दिवस लांब झूमवाल्यानं सोडायचा नसतो. मी गच्चीवर गेलो, गडाकडं वळणार, तोच गल्लीच्या टोकाच्या मिठाईच्या दुकानापाशी ओळखीची टोपी दिसली. सहज पुढं गेलो. तीस एक्स, चाळीस, पन्नास. काका. साखर तीनशेच्या घरात गेल्यापासून चहाही कोरा पिणारे काका, दुकानाच्या पायरीवर, हातात कागद, कागदावर कुंदा. ऊन तिरपं पडलेलं, हात स्थिर, हवा स्वच्छ. बटण कधी दाबलं गेलं ते मला कळलंही नाही. इतका नेमका फोटो त्या कॅमेऱ्यानं आधी काढला नव्हता आणि नंतरही काढला नाही. उजव्या मिशीवरचे दोन रवाळ दाणे वेगवेगळे दिसतात.

मी तो पुसणार होतो. देवाशपथ पुसणार होतो. पण संध्याकाळी काका-काकू चहाला आले, आणि काकूंनी स्वतःच कॅमेरा मागितला. “बघू तरी, एवढं महिनाभर काय भांडूलालासा ते.” त्यांना गड दाखवला, चंद्र दाखवला, मुंग्या दाखवल्या. मी कॅमेरा परत घ्यायला हात पुढं केला, तेवढ्यात त्यांचा अंगठा बाणाच्या बटणावर एकदा जास्त पडला.

काकू बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. काका कोऱ्या चहाच्या कपात बघत राहिले. मग काकूंनी चष्मा पदरानं पुसला, परत लावला आणि मला अगदी शांतपणे विचारलं, “ह्याच्यात अजून मोठं होतंय काय रे?”