७५० नको म्हणालो, त्याचं कारण

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. तुमचा आक्षेप असा: ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरच्या व्ही-८ बोट इंजिनाला ६०० सीएफएमचा (मिनिटाला ६०० घनफूट हवा जाऊ देणारा) कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, सुचवून मी हात आखडता घेतला, ७५० चा सांगायला हवा होता. बोटीचं इंजिन सतत लोडवर चालतं, त्याला जास्त हवा हवी. याच इंजिनावर ७५० चा क्वाड्राजेट नावाचा कार्बोरेटर मुळातच बसून येत असे. आणि ‘मरीन’ हे लेबल फक्त किंमत वाढवायला.

लोड वाढला म्हणून सिलिंडर मोठा होत नाही हो! चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या घनफळाएवढी हवा ओढतं, त्याहून फारशी नाही. घनइंच गुणिले आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), भागिले ३४५६, की सीएफएम आलं. या इंजिनांची फुल थ्रॉटलची मर्यादा साधारण ४४०० ते ४८०० असते. ४८०० धरा: ४८६ येतात, तेही सिलिंडर शंभर टक्के भरले तर. ८५ टक्के धरले तर ४१३. एखाद्या गाडीतलं हेच इंजिन ६५०० पर्यंत जात असेल, तर तिथे हाच हिशेब ६५८ वर जातो आणि ७५० शोभतो. बोटीत ते आरपीएम प्रॉपेलर येऊच देत नाही.

जादा मोठा घेतला तर बिघडतं काय? व्हेंच्युरीतून, म्हणजे कार्बोरेटरच्या अरुंद घशातून, हवा संथ जाते, ओढ कमी पडते, पेट्रोल उशिरा येतं. बोट प्लेनवर आणायला, म्हणजे उचलून पाण्यावरून सरकती करायला, थ्रॉटल ढकलावा आणि नेमकं तेव्हाच इंजिनाने गचके द्यावेत, हा अनुभव त्यातलाच.

आता क्वाड्राजेट. त्याच्या पुढच्या दोन बॅरल (हवा आत जाण्याच्या नळ्या) लहान, मागच्या दोन भल्यामोठ्या, आणि मागच्यांवर एक झडप. इंजिन जेवढं ओढेल तेवढीच ती उघडते. म्हणजे ७५० ही त्याची कमाल क्षमता, रोजचा कारभार लहान बॅरलवरच. चारही बॅरल सारख्या आणि सेकंडरी (मागच्या बॅरल) मेकॅनिकल, म्हणजे थ्रॉटलसोबत थेट उघडणाऱ्या, अशा ७५० ला त्याच तागडीत टाकू नका.

जाता जाता तुम्ही विचारलंत, दोन-बॅरल ५०० वरून ६०० वर जाऊन फरक तो कितीसा? बराच. दोन-बॅरलचं माप ३ इंच पाऱ्याच्या दाबफरकावर घेतात, चार-बॅरलचं दीड इंचावर. चार-बॅरलच्या मापाने ते ५०० जेमतेम ३५४ भरतात.

‘मरीन’बद्दल मात्र मी तसूभरही मागे हटणार नाही. फ्लोट (आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) अडकला की गाडीच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल बाहेर वाहतं. मरीन कार्बोरेटरच्या व्हेंट नळ्या वाकवलेल्या असतात, त्यामुळे ते परत त्याच्याच घशात पडतं. थ्रॉटल शाफ्टमधूनही ते बाहेर झिरपू नये अशी रचना असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. अमेरिकन कोस्ट गार्डच्या नियमात फ्लोट व्हॉल्व्ह उघडा, थ्रॉटल अर्धा आणि इंजिन सुरू न होता नुसतं फिरतंय, अशा स्थितीत ३० सेकंदांत ५ सीसीपेक्षा जास्त गळती चालत नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजून बघा. आधी इंजिन बंद ठेवून कुणाला तरी लिव्हर पूर्ण ढकलायला सांगा आणि थ्रॉटलच्या पट्ट्या पार उभ्या होतात का ते पाहा. केबल तोकडी पडणं फार कॉमन आहे. फ्लेम अरेस्टर (कार्बोरेटरवरची, ज्वाला बाहेर येऊ न देणारी जाळी) स्वच्छ करून परत बसवा, त्याशिवाय इंजिन चालवायचं नाही. मग मॅनिफोल्डला (कार्बोरेटरखालची, सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) व्हॅक्यूम गेज लावून मोकळ्या पाण्यात फुल थ्रॉटल द्या. काटा पाऱ्याच्या दीड इंचाच्या वर राहिला तर कार्बोरेटर खरोखर अपुरा, तुमचं म्हणणं मान्य. एकच्या खाली असेल तर हवा पुरेशी मिळतेय. व्हॅक्यूमने सेकंडरी उघडणारा हॉली कंपनीचा कार्बोरेटर असेल तर आणखी सोपं: त्या उघडणाऱ्या डायफ्रामच्या (पडद्याच्या) दांड्यावर, घराला टेकेल अशी कागदाची क्लिप अडकवा आणि फेरी मारून या. इंजिन बंद करून बघा, क्लिप किती खाली सरकली. टोकापर्यंत गेली नसेल तर सेकंडरी पूर्ण उघडल्याच नाहीत, म्हणजे आहे तीच हवा पुरतेय. (स्प्रिंग फार कडक असली तरी असं होतं, तेवढं तपासा.)

आणि इंजिन ४४०० लाही पोचत नसेल, तर आधी प्रॉपेलरचा पिच (एका फेरीत तो किती इंच पुढे सरकेल ते माप) बघा. एक इंच कमी केला तरी दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. तुमचा पिच आणि फुल थ्रॉटलचा आरपीएम खाली लिहा, पुढचं त्या आकड्यांवर बोलू.