नेटबॉल ही कुणाची ‘सोय’ नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

ऑस्ट्रेलियातल्या मिनिप-मर्टोआ फुटबॉल नेटबॉल क्लबवरच्या (नेटबॉल म्हणजे बास्केटबॉलसारखा, सात-सात जणींचा खेळ) माझ्या लेखाला एका वाचकांनी लिहिलंय, ‘ताई, नेटबॉल म्हणजे फुटबॉलवाल्यांच्या बायकापोरींसाठी केलेली सोय. त्यावर अर्धा लेख खर्ची घालणं हा निव्वळ भाबडेपणा.’ शिवाय त्यांचं म्हणणं, हा आपला फुटबॉल नव्हे हे मी आधीच सांगायला हवं होतं, ऑस्ट्रेलियातल्या खेड्याचं कौतुक मराठीत कशाला, आणि क्लबच्या समितीत बायकांना जागा कधी मिळाली हे लेखात नाही.

हा आपला फुटबॉल नव्हे, हे मान्य. अठरा-अठरा खेळाडूंचा, लंबगोल चेंडूचा हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, आता घातलंय.

पण ‘ताई’ म्हणून हाक मारायची आणि लगेच ‘बायकापोरी’ काढायच्या, ही कुठली रीत? लेख आवडला नाही तर तसं सांगा, मी ऐकून घेईन. समजूत घातल्यासारखं बोलू नका. पुरुषांच्या खेळावर अर्धा लेख लिहिला असता तर भाबडेपणा म्हणाला असतात का?

आता ‘सोयी’बद्दल. 1970 पर्यंत ऑस्ट्रेलियात नेटबॉलला वुमेन्स बास्केटबॉल म्हणत. त्याची राष्ट्रीय संघटना 1927 सालची. 1960 मध्ये पाच ठिकाणच्या प्रतिनिधी सिलोनमध्ये जमल्या आणि सगळ्यांसाठी एकच नियम ठरले. 1963 साली इंग्लंडमध्ये ईस्टबोर्नला पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती ऑस्ट्रेलियाने जिंकली. याला तुम्ही सोय म्हणता?

आणि गावपातळीवर बघा. मर्टोआत दुसऱ्या महायुद्धात गहू साठवायला बांधलेली स्टिक शेड आहे, 560 लाकडी खांबांवर उभी. गहू आजही पिकतो, पण शेतं मोठी झाली, यंत्रं मोठी झाली, घरं कमी झाली. 1995 मध्ये मिनिप आणि मर्टोआचे क्लब एकत्र आले ते यातूनच. अशा ठिकाणी मुलींचा संघ उभा राहिला नाही तर मुली शेजारच्या क्लबात जातात. आईवडील शनिवारी दोन गावांना गाडी नेऊ शकत नाहीत, म्हणून मागोमाग भाऊही तिकडेच जातो. मग फुटबॉलची अठरा पोरं कुठून आणणार? कोण कुणाच्या आधाराने उभं आहे, सांगा.

हे मी ऐकीव सांगत नाही. विमेरात, म्हणजे ही गावं आहेत त्याच भागात, आले त्या पहिल्याच हिवाळ्यात आमच्या गावच्या सी ग्रेड संघात सातवी बाई कमी पडली, म्हणून शेजारीण दार वाजवून मला घेऊन गेली. शाळेत खो-खो खेळले होते, तेवढंच भांडवल. पंचबाईंनी आधी दोन्ही हात पुढे करायला लावले. नखं बोटांच्या टोकाबाहेर दिसता कामा नयेत. माझ्या अंगठ्याचं दिसलं, ते तिथेच कापलं. मग ‘जीडी’ (गोल डिफेन्स, माझी खेळायची जागा) लिहिलेली पट्टी छातीवर चिकटवली. चेंडू हातात तीन सेकंद, चेंडू असलेल्या खेळाडूपासून तीन फूट लांब, आणि चेंडू घेऊन पळायचं नाही. पलीकडे फुटबॉलच्या मैदानाभोवती गाड्या लावलेल्या, गोल झाला की भोंगे वाजायचे. आमच्या डांबरी कोर्टाच्या कडेला म्हाताऱ्या बायका शाली पांघरून बसल्या होत्या, आणि त्यांना माझं नाव दुसऱ्या क्वार्टरपर्यंत पाठ झालं होतं. नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या बाईला तोवर त्या गावात नाव नव्हतं. तो आजवर एकदाही फुटबॉल खेळलेला नाही. मग मी कुठल्या फुटबॉलवाल्याची बायको?

मराठीत कशाला, याला उत्तर देत नाही. मी मराठीतच लिहिते. समितीचं म्हणाल, तर लेख खेळावर होता, कारभारावर नव्हता.

पुन्हा जरूर लिहा. पण ‘बायकापोरी’ हा शब्द असलेली प्रतिक्रिया मी यापुढे ठेवणार नाही.