पाटीवरून उतरलेला 'वकील'

गेल्या महिन्यात जमिनीच्या एका दाव्यासाठी वकीलपत्रावर सही करताना लक्षात आले की, ज्यांच्या नावे मी तो कागद करून देत होतो, त्यांच्या पाटीवर, लेटरहेडवर आणि गाडीच्या काचेवरही 'ॲडव्होकेट' असेच लिहिलेले आहे. 'वकील' उरला आहे तो त्या कागदात आणि आपल्या बोलण्यात. माझ्या मते तो पाटीवरही असायला हवा.

हा शब्द अरबी आहे आणि त्याच्या धातूचा अर्थ सोपवणे, हवाली करणे असा आहे. ज्याच्यावर भरवसा ठेवून आपले काम सोपवले, तो वकील. म्हणूनच इस्लाममध्ये ईश्वराच्या नावांत 'अल्-वकील' हेही एक नाव आहे. तुर्की भाषेत तर खासदाराला 'राष्ट्राचा वकील' अशा अर्थाचा शब्द आहे. आपण या शब्दाचा जोडीदारही उचलला, तो म्हणजे 'अशील'. अरबी 'असील' म्हणजे मूळचा, कामाचा खरा धनी. वकील त्याच्या जागी उभा राहतो, एवढेच. 'ॲडव्होकेट'च्या लॅटिन मुळाचा अर्थ 'मदतीला बोलावलेला' असा आहे. तोही वाईट नाही, परंतु मदतीला कोणालाही बोलावता येते. आपले काम मात्र आपण कोणावरही सोपवत नाही.

मराठ्यांच्या राज्यात वकील कोर्टात नव्हे, परक्या दरबारात उभा राहत असे. १६५९ मध्ये अफझलखानाशी बोलणी करायला शिवाजी महाराजांनी पंताजी गोपीनाथांना पाठवले ते वकील म्हणून. पेशवाईत दिल्लीला हिंगणे आणि हैदराबादला गोविंदराव काळे होते तेही वकीलच. १७९२ मध्ये महादजी शिंद्यांनी पुण्यात समारंभ करून पेशव्यांना बादशहाचे जे पद अर्पण केले, ते 'वकील-ए-मुतलक', म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी. मला मात्र सर्वांत जवळचे वाटतात ते रंगो बापूजी. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडायला ते लंडनला गेले, १८४७ मध्ये महाराज वारले तरी तेथेच झगडत राहिले आणि १८५३ मध्ये रिकाम्या हाताने परतले. दरबारातला वकील आणि आजचा वकील यांच्यामधला सांधा मला त्यांच्यात दिसतो.

दरम्यान कंपनीने बंगालमध्ये १७९३ च्या नियमाने अदालतींतील वकिलांना सनदा देण्याची पद्धत घातली होती. पुढे हायकोर्टे आली आणि उतरंड तयार झाली. बॅरिस्टर वर, वकील खाली, आणि मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होत तिथे, तर वकिलाला उभेही राहता येत नसे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने हे सगळे वर्ग मोडून एकच नाव ठेवले, ते 'ॲडव्होकेट'. भेद गेला हे उत्तमच झाले, पण 'वकील' म्हणजे खालच्या पायरीचा ही जुनी समजूत त्या नावाला अजून चिकटलेली असावी, असा मला संशय आहे. नाहीतर आपल्याच भाषेत नावामागे 'ॲड.' लावण्याचा एवढा सोस कशाला?

दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार अशिलाने सही करून लेखी नेमल्याशिवाय वकिलाला त्याच्या वतीने दाव्यात काम चालवता येत नाही. म्हणजे 'सोपवणे' हा अर्थ कायद्यानेही जपला आहे.

हे सगळे मी माझ्या वकीलसाहेबांना ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "खरे धनी तुम्हीच ना? मग पुढच्या तारखेला तुम्हीही हजर राहा."