खुलासा : स्पॉकने कर्कला मारलेलं नाही

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेत कॅप्टन कर्कला वेड लागतं, तो आपलं अंतराळजहाज रोम्युलन या शत्रू वंशाच्या हद्दीत घुसवतो आणि त्याचा सहकारी अधिकारी स्पॉक त्याला आपल्या व्हल्कन वंशाच्या ‘मृत्युपकडी’ने ठार करून शत्रूला मिळतो, असा मजकूर एका क्लिपसह फिरतो आहे. क्लिप खरी आहे, पण तिचा लावलेला अर्थ चुकीचा आहे.

हा २७ सप्टेंबर १९६८ रोजी दाखवला गेलेला ‘द एंटरप्राइज इन्सिडेंट’ हा भाग. लेखिका डी. सी. फोंटाना. पूर्ण भाग पाहिला की कळतं, कर्कचं वेड हे सोंग आहे. जहाज अदृश्य करणारं रोम्युलन यंत्र चोरून आणण्याचा त्याला गुप्त आदेश असतो आणि स्पॉक त्यात सामील असतो. मृत्युपकड असं काही नसतंच. जहाजावरची नर्स चॅपल हे त्याच भागात स्पष्ट सांगते. ‘मेलेला’ कर्क मग टोकदार कानांसह रोम्युलन वेशात जाऊन यंत्र पळवतो. तोवर स्पॉक रोम्युलनांच्या कमांडर बाईंना बोलण्यात गुंतवतो. त्या दोघांमधली ओढ मात्र निव्वळ नाटक वाटत नाही, आणि माझ्या मते या भागाची खरी ताकद तीच आहे.

कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.