‘१९९७’ दिसलं म्हणजे ती पहिली छपाई नव्हे

गेले काही आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. ‘घरात मुलांची जुनी इंग्रजी पुस्तकं असतील तर रद्दीत टाकू नका. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकात १९९७ साल असेल तर त्याची किंमत कोटींत आहे. छपाईच्या चुका असतील तर आणखी जास्त. लायब्ररीचे शिक्के काढून टाका, पुस्तक खिळखिळं झालं असेल तर बाइंडिंग करून घ्या, नेटवर भाव बघा आणि मगच विका.’ चार वेगवेगळ्या गटांतून तो माझ्याकडे आला. जुनी बालपुस्तकं मी बरीच वर्षं जमवतोय, म्हणून त्यापाठोपाठ फोनही आले. रद्दीत टाकू नका, एवढं पहिलं वाक्य मला मान्य आहे. बाकीच्या सल्ल्यानं पुस्तकांचं नुकसान होतंय, म्हणून एकेका मुद्द्याबद्दल लिहितो.

आधी १९९७ बद्दल. आमच्या शेजारच्या काकू मुलाचं जुनं पुस्तक पिशवीत गुंडाळून घेऊन आल्या. कॉपीराइटच्या पानावर १९९७ होतंच, पण ते मजकुराच्या हक्काचं साल. पुढची पंचवीस वर्षं पुस्तक छापत राहिलं तरी ते साल तसंच राहतं. बघायची असते ती त्याच पानावरची आकड्यांची ओळ. पहिल्या छपाईत ती १० पासून उतरत १ पर्यंत येते, आणि पुढच्या प्रत्येक छपाईला सर्वांत लहान आकडा काढून टाकतात. काकूंच्या प्रतीत सर्वांत लहान आकडा ४१ होता, म्हणजे ती एकेचाळिसावी छपाई. काकूंचा चेहरा उतरला. तो मजकूर लिहिणाऱ्याचा मला तेव्हा खरंच राग आला.

आपल्याकडे हा घोटाळा होण्याला आणखी एक कारण आहे. मजकूर बदलून काढली ती नवी ‘आवृत्ती’ आणि तोच मजकूर पुन्हा छापला ते नवं ‘मुद्रण’, पण हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. एक अक्षरही न बदलता पुन्हा छापलेल्या पुस्तकावर ‘दुसरी आवृत्ती’ लिहिलेलं मराठीत हवं तितकं सापडेल. संग्राहक पैसे मोजतो तो पहिल्या आवृत्तीच्या पहिल्या छपाईचे. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या ब्लूम्सबरी या प्रकाशकानं १९९७ च्या जूनमध्ये पुठ्ठा बांधणीच्या फक्त ५०० प्रती छापल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ४ लाख ७१ हजार डॉलरना गेलेली प्रत त्या पाचशेतली, तीही जवळजवळ कोरी. साधी प्रत तिच्या पंक्तीला बसवता येत नाही.

चुकांचा मुद्दा अर्धा खरा आहे. पहिल्या छपाईत पान ५३ वरच्या शाळेच्या सामानाच्या यादीत जादूची कांडी दोनदा आली आहे, आणि मलपृष्ठावर पुस्तकाच्या नावातल्या ‘फिलॉसॉफर्स’ या शब्दाच्या स्पेलिंगमधला दुसरा ‘ओ’ गळलाय. पण कांडीची चूक मध्ये एकदा दुरुस्त होऊन नंतरच्या काही छपायांत पुन्हा आली. त्यामुळे नुसती चूक सापडून भागत नाही, आकड्यांची ओळ, पान ५३, मलपृष्ठ आणि बांधणी हे सगळं एकाच प्रतीत जुळावं लागतं. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’च्या (१९३७) पहिल्या छपाईच्या १५०० प्रती होत्या. तिच्या वेष्टणाच्या, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या सुट्या कागदी आवरणाच्या, मागच्या घडीवर एका नावात जादा ‘ई’ पडला होता आणि तो शाईनं हातानं खोडलेला आहे. संग्राहक ती खोडलेली रेघ शोधतात, कारण तिच्यावरून वेष्टण मूळचं असल्याचा विश्वास बसतो. चुकीचा उपयोग ओळख पटवायला होतो.

आता शिक्क्यांबद्दल, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतंय. त्या पाचशेपैकी सुमारे ३०० प्रती ग्रंथालयांत आणि शाळांत गेल्या, म्हणजे शिक्का असलेली पहिली छपाई मिळणं अगदी स्वाभाविक आहे. शिक्क्यानं किंमत उतरते हे खरं, पण पुस्तकाचा रद्दीचा भाव होत नाही. इंग्लंडमध्ये ग्रंथालयानं बाद केलेली एक प्रत कुणीतरी एका पौंडाला घेतली होती. ती २०१९ मध्ये २८,५०० पौंडांना विकली गेली. शिक्का ब्लेडनं खरवडला की कागद विरतो, रबरनं घासला की पानाची लव उठते, आणि घेणाऱ्याला पहिली शंका येते ती पुस्तक चोरीचं असल्याची. आपल्या ग्रंथालयांत निर्लेखित, म्हणजे बाद केलेल्या, पुस्तकावर तसा शिक्का मारतात, तो तर जिवापाड जपा. पुस्तक तुमच्याकडे रीतसर आलं याचा तोच पुरावा.

बाइंडिंगबद्दल मी पोळलेला माणूस आहे. जुन्या बाजारात मला परीकथांचं एक सचित्र इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, कापडी बांधणीचं, पुठ्ठ्यावर सोनेरी ठसा असलेलं. कणा सुटला होता म्हणून बाइंडरकडे दिलं. आठ दिवसांनी लाल रेग्झिनमध्ये ताठ उभं राहणारं पुस्तक हातात आलं. तिन्ही बाजू मशीनवर सरळ कापल्या होत्या आणि चित्रांखालच्या ओळींची खालची अर्धी अक्षरं गेली होती. ‘मूळ पुठ्ठा कुठाय?’ विचारलं तर म्हणाला, ‘टाकला साहेब, फाटलेलाच होता.’ त्याचा दोष नाही, शाळेची पुस्तकं तो तशीच बांधतो. सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही. खिळखिळं पुस्तक सुती फितीनं सैलसर बांधून आडवं ठेवा. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर नकोच नको, टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो.

‘जुनं तितकं महाग’ हा समजही त्या मजकुरामागे आहेच. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ची १८६५ ची पहिली छपाई २००० प्रतींची होती. चित्रकार टेनिएल यांना चित्रांची छपाई पसंत पडली नाही म्हणून ती मागे घेतली गेली. आज त्यातल्या जेमतेम वीस-बावीस प्रती ठाऊक आहेत, म्हणून ते मोल. बिअ‍ॅट्रिक्स पॉटरनं प्रकाशक मिळेना म्हणून पीटर या सशाच्या गोष्टीच्या २५० प्रती १९०१ च्या डिसेंबरात स्वखर्चानं छापून घेतल्या. वॉर्न प्रकाशनाची पहिली छपाई त्यानंतर १९०२ मध्ये आली. पण त्याच काळातली, हजारोंनी छापलेली कितीतरी बालपुस्तकं आज कुणी मागत नाही. प्रती किती उरल्या, कशा अवस्थेत आणि मागणारे किती, यावर भाव ठरतो.

मराठी पुस्तकांचं साल बघताना तर वेगळंच भान लागतं. जुन्या पुस्तकांवर अनेकदा शके असतं. एकानं मला ‘अठराशे सत्तावनच्या बंडाच्या वर्षातलं’ म्हणून गोष्टींचं पुस्तक दाखवलं. ते होतं शके १८५७, म्हणजे अठ्ठ्याहत्तर मिळवून १९३५.

शेवटी नेटवरचा भाव. विकायला ठेवलेल्या पुस्तकासमोर विक्रेता वाटेल तो आकडा लिहितो. लिलावगृहांच्या पूर्ण झालेल्या विक्रीचे आकडे बघा, आणि तेही तुमच्याच छपाईचे, तुमच्यासारख्याच अवस्थेतल्या प्रतीचे. ‘पुस्तक कोटीचं आहे, आधी नोंदणीचे पाच हजार भरा’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा, कॉपीराइटचं पान आणि प्रत्येक शिक्का यांचे दिवसाच्या उजेडात फोटो काढा. घेणारा जाणता असेल तर तेवढ्यावरून सांगू शकतो. शिक्का खोडण्याआधी, बाइंडरकडे जाण्याआधी ते फोटो मला दाखवलेत तरी चालेल.