‘फॉल’ अमेरिकेचा की इंग्लंडचा?

पानगळीच्या ऋतूला ‘फॉल’ म्हणणे हा अमेरिकनांचा गावंढळपणा असून शुद्ध इंग्रजी शब्द ‘ऑटम’ हाच होय, असे वकीलसाहेबांनी काल कट्ट्यावर ठणकावून सांगितले, तेव्हा आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या मास्तरांना राहवले नाही.

“अहो, ‘ऑटम’ मूळचा लॅटिन, फ्रेंचमार्गे आलेला पाहुणा! इंग्रजांचे या ऋतूचे घरचे नाव ‘हार्वेस्ट’ होते. जर्मन भाषेत त्याचाच भाऊ ‘हेर्ब्स्ट’ आजही ऋतूचे नाव आहे. पुढे ‘हार्वेस्ट’ सुगीपुरता उरला आणि सोळाव्या शतकात ‘फॉल ऑफ द लीफ’, म्हणजे आपली पानगळच, रूढ झाला. रॉजर अ‍ॅस्कम यांनी 1545 मध्ये धनुर्विद्येवरच्या पुस्तकात तो वापरला आहे आणि जॉन्सन यांच्या 1755 च्या कोशातही ‘फॉल’चा हा अर्थ दिला आहे. वसाहतवाल्यांनी तो सोबत नेला, जपला. विसरले ते इंग्लंडवाले.”

मास्तरांनी पुढे इंग्रज भाषातज्ज्ञ फाउलर बंधूंचा दाखला दिला. गुणांनी ‘फॉल’च सरस, पण त्यावरचा हक्क आपणच सोडला असल्याने आता तो वापरणे चोरीच ठरेल, असे त्यांनी 1906 मध्ये लिहिले होते. “म्हणजे मुदत संपली! निकाल माझ्या बाजूने,” असे वकीलसाहेब म्हणाले, मला मात्र वापरात असलेल्या शब्दावरचा हक्क असा बुडतो, हे पटत नाही.

‘फॉल’ हा आपल्या ‘फळ’ शब्दावरूनच आला असावा, कारण फळ पडतेच, असे अण्णांनी सुचवले. मास्तरांनी ते साफ नाकारले. संस्कृत ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो, जसे पितृ आणि फादर, पाद आणि फूट. त्या हिशेबाने ‘पडणे’ ज्यातून आले त्या ‘पत्’ धातूचे नाते ‘फेदर’शी, म्हणजे पिसाशी जुळते, कारण ‘पत्’चा अर्थ उडणे असाही आहे. ‘फॉल’चे सख्खे नातलग जर्मन, डच यांसारख्या भाषांत सापडतात.

मला सर्वांत विलक्षण वाटली ती पुढची गोष्ट. आपण ‘पडणे’तला स्वर लांबवून ‘पाडणे’ करतो, तसेच जुन्या इंग्रजीतही ‘फॉल’च्या मूळ धातूतला स्वर बदलून झाड तोडून पाडण्याचा ‘फेल’ (fell) घडला. ‘फॉल’चा भूतकाळही ‘फेल’च दिसत असला, तरी ते दोन शब्द वेगळे आहेत.