"काकू, बेस्ट ऑफ कोण विकत घेतं आता?"

परवा पुतण्या म्हणाला, "हा बेस्ट ऑफ प्रकारच संपला गं काकू. फोनवर गायिकेचं नाव टाकलं की टॉपची दहा गाणी आपोआप येतात." मी मेथी निवडत होते. म्हटलं, बस इथे. निवड आणि ऐक.

१९९६ चा जानेवारी. नवऱ्याची पीएचडी, मुक्काम इलिनॉयमधलं अर्बाना-शँपेन. मैलोन् मैल सपाट जमीन, कापलेल्या मक्याची धांडं आणि कानशिलं बधिर करणारा वारा. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून दुपारभर लायब्ररीत जाऊन बसायचे. तिथे हीटर फुकट. एकदा काउंटरवरच्या बाईंनी आपणहून एक सीडी पुढे सरकवली. म्हणाल्या, "ही आमच्या शँपेनची पोर." अ‍ॅलिसन क्रॉस, ब्लूग्रास गाणारी आणि व्हायोलिन वाजवणारी. अल्बमचं नाव 'नाऊ दॅट आय'व्ह फाउंड यू: अ कलेक्शन', म्हणजे तिचं 'बेस्ट ऑफ'च.

हा अल्बम फेब्रुवारी १९९५ मध्ये आला तेव्हा अ‍ॅलिसनबाई होत्या २३ वर्षांच्या. तेविसाव्या वर्षी सिंहावलोकन! आपल्याकडे असा संच निघतो तो शाल-श्रीफळाच्या वयात, नाहीतर गेल्यावर. पण हिने पाचव्या वर्षी व्हायोलिन हातात घेतलेलं, राउंडर कंपनीकडून तिचा पहिला अल्बम १९८७ मध्ये, आणि विशी गाठायच्या आत पहिलं ग्रॅमी. राउंडर म्हणजे १९७० मध्ये तिघा मित्रमैत्रिणींनी मॅसॅच्युसेट्समध्ये काढलेली छोटी कंपनी, खपापेक्षा आवडीवर चालणारी. त्यांच्या या 'निवडक'ला अमेरिकेत डबल प्लॅटिनम मिळालं, म्हणजे वीस लाख प्रती. ब्लूग्रासला एवढे गिऱ्हाईक ही तेव्हा थट्टेची गोष्ट वाटली असती.

ब्लूग्रास म्हणजे काय, तर अमेरिकेतलं तारवाद्यांवरचं गावरान संगीत, केंटकीच्या बिल मन्रोने आपल्या बँडला दिलेल्या नावावरून नाव पडलेलं. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो, मँडोलिन, गिटार, उभा बास. जुन्या पद्धतीत ड्रम नाहीतच. मँडोलिनवाला ऑफबीटला, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये, तारा दाबून 'चक्' काढतो, तोच ताल. सूर उंच आणि टोकदार.

आता खरा मुद्दा. आपण अष्टपैलू कुणाला म्हणतो? जी प्रत्येक गाण्याला आवाज बदलते तिला. आशाबाई हे त्याचं शिखर, त्यावर वाद नाही. पण तेवढ्या एका मापाने सगळ्यांना मोजायची सवय आपल्याला लागली आहे. या अल्बमवर बीटल्सचं गाणं आहे, बॅड कंपनी या रॉक बँडचं आहे, लुइझियानाच्या कॉक्स कुटुंबासोबत गायलेली चर्चमधली भजनं आहेत, आणि सगळीकडे आवाज तोच, पातळ, जराही न चढवलेला. ती गाण्याकडे जातच नाही, गाण्यालाच आपल्या घरी बोलावते.

पहिलंच गाणं घ्या. मूळचं लंडनच्या फाउंडेशन्स बँडचं, १९६७ चं, टाळ्या वाजवत नाचायचं. शब्द मात्र चक्क विनवणीचे: सापडलीस, आता जाऊ नकोस. मूळ ठेक्यात ती विनवणी झाकून जाते. हिने ठेका काढून टाकला, लय संथ केली आणि जवळजवळ कुजबुजत सुरुवात केली. ठेका गेला तशी विनवणी उघडी पडली. या गाण्यासाठी तिला ग्रॅमी मिळालं. (बॅड कंपनीचं गाणं मला मात्र कधी भिडलं नाही. गंमत आहे, पण गंमतच.)

१९९७ मध्ये आई आमच्याकडे आली. घरी आयुष्यभर रेडिओ आणि भजनी मंडळ. ही सीडी तिने कणीक मळता मळता ऐकली, मग हात थांबवून म्हणाली, "अगं, ही श्वास कुठे घेते?" मी म्हटलं, "आवाज पातळ नाही वाटत तुला?" तर म्हणे, "पातळ आहे, पण पाणचट नाही."

याच अल्बमवरच्या 'व्हेन यू से नथिंग अ‍ॅट ऑल'ची गोष्ट तर ऐकाच. मूळ गायक कीथ व्हिटली. १९८८ मध्ये ते कंट्री या अमेरिकन संगीतप्रकाराच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पुढच्याच वर्षी दारूने तो गेला. १९९४ मध्ये त्याच्या स्मृतीसाठी निघालेल्या अल्बमवर हिने ते गायलं. सिंगल, म्हणजे सुटं गाणं म्हणून काढलेलंही नव्हतं. रेडिओवाल्यांनी आपल्या मनानेच वाजवायला घेतलं, मग कंपनी जागी झाली. १९९५ च्या कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांत हिला चार मिळाले. आयर्लंडच्या रोनन कीटिंग या पॉप गायकाने ते गायलं त्यानंतर चार वर्षांनी, १९९९ मध्ये.

तक्रार एकच. युनियन स्टेशन या आपल्या बँडबरोबर ती कितीदा तरी मुख्य गाणं दुसऱ्याच्या हवाली करते आणि स्वतः फिडल घेऊन मागचा सूर धरते. मला ती तिथे सगळ्यात जास्त आवडते, आणि नेमकं तेच या निवडीत फारसं दिसत नाही. पण निवड करणाऱ्याशी भांडता तरी येतं. फोनने निवडलेल्या दहांशी काय भांडणार? पुतण्याच्या फोनवर आलेल्या दहांत कॉक्स कुटुंबाचं एकही भजन नव्हतं.

शिवाय सीडीच्या पुस्तिकेत कोणत्या गाण्यात बँजो कुणाचा, मँडोलिन कुणाचं, सगळं छापलेलं. आपल्या 'निवडक'च्या कॅसेटी आठवा. पुढे फुलांचा गुच्छ, मागे किंमत. ढोलकी कुणाची, पेटी कुणाची, देव जाणे.

एवढं सगळं सांगून मी पुतण्याच्या कानात इअरफोन घातला आणि ते व्हिटलीवालं गाणं लावलं. पूर्ण ऐकलं हो त्याने, डोळे मिटून. मग म्हणाला, "काकू, हे तर रोनन कीटिंगचं ना? हिने कॉपी केलंय?"

मेथीची दुसरी जुडी मी त्याच्यापुढे सरकवली.